वनराज भाटिया : घराणें कोणतें?

१९८८ सालीं दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. त्या वेळीं ज्यांच्या घरीं दूरचित्रवाणीचा संच होता, त्यांपैकीं पुष्कळांना तिच्या आरंभींचे स्वर अजून आठवत असतील. पडद्यावर कथा सुरू होण्याआधीं एक समूह गाऊं लागे. शब्द ऋग्वेदांतील नासदीय सूक्ताचे आणि त्यांच्या पाठोपाठ वसंत देव यांनीं केलेलें त्यांचें हिंदी रूप. सृष्टीच्या पूर्वीं काय होतें आणि तें कोणाला ठाऊक आहे, असा प्रश्न विचारणारें तें सूक्त. असलें सूक्त एखाद्या संगीतकाराच्या हातीं दिलें, तर तो सहसा दोहोंपैकीं एक गोष्ट करील. पाठशाळेंतील पठण जसेंच्या तसें ठेवील, नाहीं तर एखादा गंभीर राग घेऊन त्याचें भजन बांधील. येथें दोन्ही नव्हतें. मंत्राचा आघात होता, पण ऐकतांना एखाद्या जुन्या ख्रिस्तमंदिरांतील समूहगायनाचीही आठवण होई. आणि तरीही तें गाणें परकें वाटत नसे. आमच्या घरीं तेव्हां जो प्रश्न निघाला, तो आपल्याकडेही निघाला असेल: हें संगीत आपलें कीं त्यांचें?

त्या संगीताचे रचनाकार वनराज भाटिया. ३१ मे १९२७ रोजीं ते मुंबईंत जन्मले आणि ७ मे २०२१ रोजीं मुंबईंतच निवर्तले. त्यांच्या निधनाच्या वार्तेंत बहुतेक ठिकाणीं ‘समांतर चित्रपटांचे संगीतकार’ असें त्यांचें वर्णन आलें. तें खोटें नाहीं. पण एखाद्या वाड्याला त्याच्या दिंडी दरवाजावरून नांव द्यावें, तसा तो प्रकार झाला. या मनुष्याचें शिक्षण, त्याची आकांक्षा आणि त्याच्या आयुष्याचीं उत्तम वर्षें ज्या गोष्टींत गेलीं, ती गोष्ट म्हणजे मैफलीसाठीं, कागदावर सविस्तर स्वरलेखन करून, पाश्चात्य पद्धतीनें केलेली स्वतंत्र संगीतरचना. आपल्याकडे या व्यवसायाला धड नांवही नाहीं. गवई आहे, वादक आहे, ‘म्युझिक डायरेक्टर’ आहे; पण केवळ ‘रचनाकार’ म्हणून बसलेला मनुष्य समाजाच्या कोणत्या पाटावर बसवावा, हें आपल्याला ठाऊक नसतें.

भाटियांचें घराणें कच्छी व्यापाऱ्यांचें. संगीताचा पहिला धडा मात्र त्यांना मिळाला तो प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या मुंबईच्या विद्यालयांत. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरु, एवढें आपल्याला माहीत असतें. पण त्यांनीं स्वतः पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला होता, हें आपण विसरतों. दुसऱ्याचें संगीत शिकल्यानें आपलें बाटत नाहीं, ही हवा त्या विद्यालयांत होती. पुढें ऐन तरुण वयांत चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो भाटियांच्या कानीं पडला, आणि या मुलानें पियानो शिकण्याचा ध्यास घेतला. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९४९ सालीं इंग्रजी विषयांत एम. ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्यें दाखल झाले आणि १९५४ सालीं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. तेथील त्यांच्या शिक्षकांपैकीं विल्यम ऑल्विन हे स्वतः अनेक ब्रिटिश चित्रपटांचे संगीतकार होते. चित्रपटाला संगीत देणें म्हणजे खालच्या पायरीवर उतरणें, असा समज असलाच, तर तो लंडनमध्येंच पुसला गेला असावा, असा आपला माझा तर्क.

नंतरचीं वर्षें पॅरिसमध्यें गेलीं, नादिया बूलांजे यांच्यापाशीं. या बाईंविषयीं थोडें सांगितलें पाहिजे; कारण विसाव्या शतकांतील संगीतावर एका शिक्षिकेचा एवढा ठसा दुसरा क्वचितच दिसेल. अमेरिकेचे ॲरन कोपलंड त्यांचे विद्यार्थी, फिलिप ग्लास त्यांचे विद्यार्थी. आर्जेन्टिनाचे आस्तोर पियासोला १९५४ सालीं, म्हणजे भाटियांच्याच काळांत, त्यांच्याकडे गेले. पियासोला आपल्या देशांतील टँगो नृत्याचें संगीत वाजवून पोट भरीत, पण बाईंपुढें त्यांनीं ठेवल्या त्या युरोपी धर्तीच्या भारदस्त रचना. टँगोची त्यांना लाज वाटे. बाईंनीं आग्रहानें एक टँगो वाजवून घेतला आणि सांगितलें कीं, खरे तुम्ही येथें आहां. बूलांजे यांची शिस्त करडी होती. स्वरांचें गणित विद्यार्थ्याच्या हाडांत मुरेपर्यंत त्या घोटून घेत. पण त्यांच्या शिष्यांकडे पाहिलें, तर एकाचें संगीत दुसऱ्यासारखें नाहीं. भाटियांचें संगीत कोणत्याच खणांत बसत नाहीं याची तक्रार करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या शाळेंत ते शिकले, तिचें वैशिष्ट्यच मुळीं हें होतें.

आतां अडचणीकडे येऊं. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य स्वरसंवाद, म्हणजे ज्याला ‘हार्मनी’ म्हणतात ती, यांचा मेळ घालणें कठीण आहे, असें आपण नेहमीं ऐकतों. कठीण कां, हें कोणी सांगत नाहीं. ज्यांच्या घरीं बाजाची पेटी असेल, त्यांना तें दोन मिनिटांत कळेल. पांढरी एक हा षड्ज धरा. आतां सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम दाबा. गंधार मधोमध बसलेला आहे आणि प्रसन्न वाटतो. तोच गंधार न सोडतां त्याच्या खालीं मंद्र धैवत आणि षड्ज घ्या, म्हणजे ध-सा-ग असे तीन स्वर वाजूं द्या. गंधार तोच, पण त्याच्यावर सांवट आलें. शेवटीं ग, प आणि नी एकत्र वाजवा. आतां तोच गंधार तळाचा आधार झाला. एकाच स्वराचीं तीन रूपें आपण ऐकलीं. आणि बदलला तो गंधार नव्हे, त्याच्या पायाखालची जमीन बदलली.

पाश्चात्य संगीताचा सारा प्रवास या सरकत्या जमिनीवर होतो. आपल्याकडे जमीन तानपुऱ्यानें घट्ट धरलेली असते. षड्ज हलत नाहीं म्हणूनच कोमल ऋषभाची हुरहुर आणि तीव्र मध्यमाची ओढ आपल्याला जाणवते. त्या हुरहुरीचें माप षड्जापासूनच्या अंतरांत आहे. म्हणून रागाच्या सुरावटीखालीं सरसकट विलायती स्वरसमूह पसरले, कीं तानपुरा पुसला जातो आणि राग नुसती ‘चाल’ होऊन उरतो. चित्रपटांत हें रोज होतें, आणि त्यांतील कित्येक गाणीं गोडही असतात. तो वाद वेगळा. शिवाय पेटी-पियानोच्या ठराविक पट्ट्यांवर मींड नाहीं, आंदोलन नाहीं. याच कारणास्तव नभोवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसएक वर्षें टिकली.

मग रचनाकारानें करावें काय? एक वाट अशी कीं, स्वरसमूह बाहेरून आणूंच नयेत; रागाच्या स्वरांतूनच ते उपजूं द्यावे. समजा, मारवा घेतला. त्यांत पंचम वर्ज्य. म्हणजे सा-ग-प हा विलायती संगीताचा नेहमींचा पाया तेथें उभाच राहूं शकत नाहीं. जे स्वर आहेत, त्यांचेंच एकत्र वाजणें ऐकलें, तर एक अस्थिर, ताणलेला, कोठेंच न टेकणारा ध्वनि मिळतो. आणि मारव्याचा स्वभावही तोच नाहीं काय? भाटियांनीं मारव्याचें असेंच केलें, असें मी म्हणत नाहीं. कोडें कसल्या जातीचें आहे, हें कळावें म्हणून हा दाखला दिला. राग आडवा चालतो आणि स्वरसंवाद उभा असतो. आडव्या धाग्यांतूनच उभा धागा काढावयाचा, असा हा विणकामाचा प्रश्न आहे.

दुसरी वाट स्वरसमूहांना जवळजवळ बगल देते. ती म्हणजे फ्यूग. भाटियांच्या मैफलीच्या रचनांत जी वरचेवर वाजविली जाते, ती पियानोसाठीं लिहिलेली ‘फॅन्टेसिया आणि फ्यूग’ ही रचना. तिचा आधारस्वर सी, म्हणजे आपली पांढरी एक. मुक्त विहाराचा पहिला भाग आणि कडक बंधनाचा दुसरा, ही जोडी बाखच्या काळापासून चालत आलेली आहे. आलाप आणि बंदिश यांची आठवण येथें होईल. ती होऊं द्यावी, पण ताणूं नये. फ्यूगमध्यें प्रथम एकच सुरावट एकटी येते. ती संपते न संपते तोंच दुसरा आवाज तीच सुरावट, बहुधा पंचमाच्या अंतरानें, उचलतो. पहिला मात्र गप्प बसत नाहीं. तो आपलें निराळें बोलणें चालूं ठेवतो. मग तिसरा येतो, कधीं चौथा. आपल्या जुगलबंदींत एकजण बोलतांना दुसरा बहुधा वाट पाहतो किंवा त्याच्या मागून जातो. येथें सारेच एकदम बोलतात आणि तरीही कोणाचें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्यांत बुडत नाहीं. भरल्या घरांत सणाच्या दिवशीं स्वयंपाकघरांतून, ओसरीवरून आणि माजघरांतून एकाच विषयावर बोलणीं चालावींत आणि घरच्या म्हाताऱ्या बाईला तीं तिन्ही समजावींत, तसें कांहीसें! रागसंगीतांत वाढलेल्या कानाला हा प्रकार खरें म्हणजे जवळचा वाटला पाहिजे. कारण येथें प्रत्येक आवाज म्हणजे एक संपूर्ण सुरावट आहे, नुसता टेकू नाहीं.

एवढी विद्या घेऊन भाटिया १९५९ सालीं परत आले. परदेशांतच राहिले असते, तर? पंजाबांत जन्मलेले नरेश सोहल, कलकत्त्याचे जॉन मेयर यांनीं इंग्लंडमध्यें राहून रचना केल्या आणि तेथील वाद्यवृंदांनीं त्या वाजविल्या. भाटिया परतले त्या मुंबईंत त्यांच्या कामाचा पगारी, कायमचा सिंफनी वाद्यवृंद नव्हता. मेहली मेहता यांनीं १९३५ मध्यें उभारलेल्या बॉम्बे सिंफनीची परंपरा होती, हौशी मंडळी होती, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत रोजंदारीवर वाजविणारे गोव्याचे कसलेले वादक होते. त्या गोमंतकीय वादकांतील अँथनी गोन्साल्व्हिस हेही भाटियांप्रमाणें १९२७ सालींच जन्मलेले. सासष्टींतील माजोर्डा हें त्यांचें गांव. त्यांनीं १९५८ सालीं मोठा वाद्यवृंद जमवून रागांवर आधारलेल्या सिंफनीसारख्या रचना मुंबईंत सादर केल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायिले. तो प्रयोग टिकला नाहीं. दोघे समवयस्क, एकाच शहरांत. एक लंडन-पॅरिसहून आलेला, दुसरा गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांतील गायनशाळेच्या परंपरेंतून. आणि दोघांपुढें एकच भिंत.

गवयाला ही भिंत आडवी येत नाहीं. तानपुरा, तबला आणि दहा श्रोते मिळाले कीं त्याचें संगीत अस्तित्वांत येतें. रचनाकाराची लिहिलेली पानें मात्र चाळीस-पन्नास शिकलेल्या वादकांवांचून मुकीं असतात. मुकें संगीत सुधारतांही येत नाहीं. कारण आपण लिहिलें तें कसें वाजतें, हें ऐकल्याशिवाय पुढचें पान लिहावें कोणत्या अनुभवावर? भाटियांनीं दिल्ली विद्यापीठांत १९६० ते १९६५ पर्यंत पाश्चात्य संगीतशास्त्र शिकविलें, आणि पोटासाठीं जाहिरातींचें संगीत केलें. त्यांनीं केलेल्या जाहिरातींची संख्या सात हजारांच्या घरांत सांगितली जाते. लिरिल साबणाच्या जाहिरातीची ती धून त्यांची. या कामाची कींव करणारे करोत. माझें मत थोडें निराळें आहे. ज्या रचनाकाराला वाद्यवृंद मिळत नव्हता, त्याला या निमित्तानें वादक मिळाले, आणि लिहिलेलें त्याच दिवशीं कानांनीं ऐकावयास मिळालें. अर्ध्या मिनिटांत आरंभ, मध्य आणि शेवट साधणें हें फ्यूग लिहिणाऱ्याच्याच शिस्तीचें काम आहे. पण हेंही खरें कीं, सात हजार वेळां अर्धें मिनिट म्हणजे कांहीं एक सिंफनी नव्हे.

१९७४ सालीं श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला आणि भाटियांना दुसरें दार उघडलें. या चित्रपटांची सारी यादी वाचून दाखवीत नाहीं. ‘भूमिका’ या एकाच चित्रपटापाशीं थांबूं. कारण तो मराठी माणसाच्या जवळचा आहे. १९७७ सालचा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर आधारलेला. नायिका चित्रपटांतील नटी. तेव्हां तिचें आयुष्य जसजसें पुढें सरकतें, तसतसें तिच्या भोंवतींचें चित्रपटसंगीतही बदललें पाहिजे. भाटियांनीं त्या त्या दशकाचें गाणें त्या त्या दशकाच्या बोलींत लिहिलें. गायक निवडले तेही कसे, पहा! सरस्वतीबाई राणे आणि फिरोज दस्तूर. दोघेही किराणा घराण्याचे, आणि दोघांनींही तो काळ आंतून पाहिलेला. सरस्वतीबाईंचें ‘रामराज्य’ मधील गाणें १९४३ सालीं घरोघरीं पोंचलें होतें. दस्तूर तर १९३३ सालीं लहान वयांतच बोलपटांत गात होते. म्हणजे जुन्या संगीताची नक्कल करण्याऐवजीं भाटियांनीं त्या काळाचे जिवंत साक्षीदारच बोलाविले. आतां विचारा, यांत रचनाकाराची स्वतःची शैली कोणती? ‘भूमिका’ मधील गाणीं, ‘मंथन’ मधील प्रीति सागर यांनीं गायिलेलें गुजराती वळणाचें गाणें, १९६१ च्या गोव्यांतील कथा सांगणाऱ्या ‘त्रिकाल’ चें संगीत आणि ‘तमस’ चें राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारें संगीत हीं चारही ओळीनें ऐकलीं, तर एकाच हाताचीं आहेत असें कोणी शपथेवर सांगणार नाहीं.

यावरून कांहीं रसिक म्हणतात कीं, या गृहस्थाला स्वतःचा आवाजच नव्हता. ते बहुरूपी होते. आक्षेप वजनदार आहे. मीही बराच काळ तसेंच समजत असें. पण पुढें एक गोष्ट लक्षांत आली. या सर्व संगीतांत एक कंजूषपणा आहे. जेथें एक वाद्य पुरेल, तेथें दुसरें येत नाहीं. आणि जेथें दोन येतात, तेथें दुसरें पहिल्याचेंच म्हणणें दुणावीत नाहीं, स्वतःचें कांहीं सांगतें. आवाज कोणत्या कपड्यांत येतो, यापेक्षां दोन आवाज एकमेकांशीं कसे वागतात, यांत भाटियांची सही आहे. ‘पूर्व-पश्चिम मीलन’, किंवा हल्लीं ज्याला ‘फ्यूजन’ म्हणतात, तें लेबल त्यांना चिकटविणें मला म्हणूनच पटत नाहीं. तेथें सतारीशेजारीं गिटार बसविली कीं काम भागतें. भाटियांच्या रचनेंत शेजारीं शेजारीं बसविलेलें कांहीं नसतें. जें आहे तें विणलेलें.

उतारवयांत भिंतीला थोडी फट पडली. २००६ सालीं मुंबईच्या एन. सी. पी. ए. मध्यें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. तेव्हां भाटिया एकोणऐंशी वर्षांचे होते. २०१२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं त्यांच्या ‘अग्निवर्षा’ या ऑपेराचे पहिले दोन अंक रंगभूमीवर आले, पण मुंबईंत नव्हे, न्यू यॉर्कमध्यें. गिरीश कर्नाडांचें मूळ नाटक महाभारतांतील यवक्रीताच्या कथेवरचें. पावसासाठीं वर्षानुवर्षें चाललेला यज्ञ, कोरडी पडलेली भूमि आणि त्या यज्ञाच्या आड चाललेला मनुष्यांचा मत्सर. असला विषय कोणाला सुचावा? ज्यानें नासदीय सूक्ताला समूहस्वरांत उभें केलें, त्यालाच. जानेवारी २०१९ मध्यें जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा मुंबईंत आले, तेव्हां त्यांनीं भाटियांची ‘रेव्हरी’ वाजविली. तेव्हां रचनाकार एक्याण्णव वर्षांचे होते, आजारी आणि पैशाच्या अडचणींत. त्याच वर्षीं वर्तमानपत्रांनीं त्यांच्या हलाखीच्या बातम्या छापल्या, आणि ज्यांनीं लिरिलची धून सहस्र वेळां गुणगुणली होती, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं त्यांचें नांव प्रथमच वाचलें.

त्यांचें संगीत आज ऐकावयाचें असेल, तर आरंभ ‘भूमिका’ पासून करावा. तेथें आपला कान घरचाच आहे. मग ती पियानोची ‘फॅन्टेसिया आणि फ्यूग’ मिळवावी. पहिल्यांदा ऐकतांना फ्यूगचा भाग आला, कीं तीन बायका एकदम बोलत आहेत असें वाटून गोंधळ होईल, होऊं द्यावा. दुसऱ्यांदा ऐकतांना वरच्या सुरांकडे मुद्दाम दुर्लक्ष करावें आणि डाव्या हाताचें, खालच्या अंगाचें तेवढें ऐकावें. ती सुरावट आपण मघांशीं वर ऐकली होती, तीच आतां खालीं आलेली आहे, हें ज्या क्षणीं कळेल, त्या क्षणीं पुन्हां आरंभापासून लावावी.